निबारणदाचा हातगुण

मी किडे विकते. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. लाल, केसासारखे बारीक, गटाराच्या गाळातले किडे, शोभेच्या माशांचं खाणं. गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात कबुतरवाले संपून मासेवाले सुरू झाले की पहिली परात माझी. आणि माझ्या शेजारी मांडीला मांडी लावून निबारण पुरकाईत बसतो, पाण्यातली झाडं घेऊन. इतकी वर्षं शेजारी बसतोय की लोकांना आम्ही बहीण-भाऊ वाटतो, आणि एका शहाणीने तर आम्हाला नवरा-बायको ठरवलं होतं. तिला मी असं काही सुनावलं की ती परत त्या गल्लीत दिसली नाही.

निबारणदा मासे ठेवत नाही, काचेच्या पेट्या ठेवत नाही. ती प्लॅस्टिकची गुलाबी झाडं त्याच्यासमोर कोणी नेली तर तोंड असं करतो, जणू त्याच्या ताटात माशी पडली. ओल्या पोत्याखाली त्याची टोपली असते. त्यात झांझी, मुळाची पर्वा नसलेली, नुसती पाण्यात टाकली तरी वाढणारी. फितीसारख्या लांब पानांचा पाताशेओला. कोबीच्या गड्ड्यासारखा तरंगणारा पाना. आणि एक काळपट हिरवं, जाड पानांचं, जे दगडाला दोऱ्याने बांधायचं. बस्स. "मरणार नाहीत एवढीच ठेवतो," म्हणतो. "नखरेवाली पलीकडच्या दुकानात मिळतात."

गिऱ्हाईक आलं की मला करमणूक.

"दादा, पेटीतलं पाणी सारखं गढूळ होतं. वास मारतो. काही औषध द्या."

"खायला किती वेळा घालता?"

"मुलं घालतात. येता-जाता."

"येता-जाता! तुम्हाला कोणी येता-जाता पुऱ्या भरवल्या तर घराची काय दशा होईल, बाबू? औषध नको. ही झांझी न्या. माशाची घाण हिचं जेवण. सगळं पाणी एकदम फेकू नका, थोडं काढा, थोडं घाला. खिडकीतलं सकाळचं ऊन येऊ द्या. आणि खाणं निम्मं करा."

"ओ निबारणदा," मी ओरडायची, "खाणं निम्मं करा म्हणे! माझ्या पोटावर पाय देतोस होय रे?"

"तू तुझं तोंड निम्मं कर, तगर. सगळ्या बाजाराचं भलं होईल."

असा माणूस. बायको लवकर गेली. एकच लेक, बीथी. तिला त्यानेच न्हाऊ-माखू घातलं, वेण्या घातल्या, वाकड्या का होईना. लहानपणी ती बाजारात यायची आणि माझ्या परातीत बोटं घालायची. मला तगरमावशी म्हणते. पुढे लग्न करून बरानगरला गेली, तन्मय कुंडूच्या घरी. मुलगा मऊ, भाताच्या पेजेसारखा. त्याच्यात दोष एकच, त्याला आई होती.

बीथीची सासू निभादेवी. देवाला फूल वाहिल्यासारखं हळू बोलते, आणि बोललेलं आठवडाभर सलतं. बीथीचं पहिलं पोट टिकलं नाही. दुसरंही गेलं. दवाखान्यातून आली तेव्हा सासू म्हणाली, "काही बायकांच्या हाताला गुणच नसतो, त्याला कोण काय करणार." बीथीने कुंडीत तुळस लावली, वाळली. आता भर वैशाखात गच्चीवर ठेवलेली तुळस वाळणार नाही तर काय नाचेल? पण नाही, हात! लोणचं नासलं, हात. मांजर घर सोडून गेलं, हात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की त्या घरात फांदीचं खापर बीथीच्या माथी.

तन्मयने बिचाऱ्याने चांगल्या मनाने काचेची पेटी आणली. म्हणाला, मासे बघत बसशील, जीव रमेल. झालं, आगीतून फुफाट्यात. ही दर आठवड्याला सगळं पाणी ओतून टाकायची, पेटी साबणाने घासायची, नळाचं ताजं पाणी भरायची. मासे दोन दिवसांत उलटे. परत आणायचे, परत उलटे. आणि सासू दारात उभी राहून हळूच, "पाहिलंस तन्मय?"

बीथीने बापाला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. फोनमधून तिचा आवाज मला ऐकू येत होता. "बाबा, मासे आणू नका. मला एकसुद्धा मेलेला मासा आता हातात घ्यायचा नाही. माझ्या हातात खरंच काहीतरी आहे."

निबारणदाने फोन ठेवला आणि टोपलीच आवरायला घेतली, भर बाजारात. म्हणाला, "तगर, माझी पोरगी हे खरं मानायला लागली."

त्या दिवशी तो बरानगरला गेला आणि त्याने पेटी नव्याने लावली. वाळू धुऊन घातली. पाताशेओला लावला, बुडखा वर ठेवून, नाहीतर कुजतो. काळ्या पानांचं झाड दगडाला बांधलं, वर झांझी सोडली. आणि त्याच्या गावच्या रीतीने शेवटी हंडीभर तळ्याचं पाणी ओतलं. त्यांच्याकडे झाड कुठेही न्यायचं तर त्याच्या तळ्याचं पाणी सोबत द्यायचंच. "लेकीला सासरी कोणी रिकाम्या हाताने धाडतं का?" असं तो म्हणतो. बाजारातही गिऱ्हाइकाच्या पिशवीत तेच पाणी घालतो. त्या पाण्यामुळे झाड रुसत नाही, पानं गाळत नाही.

"आणि मासे?" सासूने विचारलं.

"मासे नंतर, विहीणबाई. आधी झाडं रुळू देत."

"म्हणजे आमच्या दिवाणखान्यात नुसतं गवत."

"हो. थोडे दिवस गवत."

थोडे दिवस गेले. झाडांना नवी पानं फुटली, पाणी असं नितळ झालं की पेटीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येई. मग त्याने गप्पी मासे नेले, थोडेसेच. ते जगले. जगले म्हणजे काय, वाढले! एका रविवारी बीथीचा फोन, आणि पोरगी हसतेय की रडतेय कळेना. "बाबा, पिल्लं! झांझीत लपलीयत. डोळे दिसतात नुसते!" निबारणदाने त्या दिवशी जवळजवळ फुकटच माल वाटला. मला म्हणाला, "तिच्या हाताला गुण नाही म्हणतात, मेले."

त्यानंतर बीथीला पुन्हा दिवस गेले. तिसरा महिना सरला, चौथा सरला. ती रोज सकाळी उठून आधी पेटी बघायची. मला फोनवर सांगायची, "मावशी, सगळे आहेत. म्हणजे आजचा दिवस बरा." मला ते आवडायचं नाही. पोटातल्या बाळाची गाठ माशाच्या शेपटीला कशाला बांधायची? पण बोलले नाही. भित्र्या माणसाने धरलेली काठी आपण कशी काढून घेणार?

सातवा लागला आणि सासूनेच डोहाळजेवण ठरवलं, सोमवारी. सगळ्या नातलगांना बोलावणं. मलाही, बीथीच्या हट्टाने.

आता तळ्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मगराहाटच्या अलीकडे निबारणदाचं गाव. तळं भावकीचं, चुलत्यांचं, सगळ्यांचा वाटा. त्याची झाडं त्याच तळ्यातली. चुलतभाऊ सुदाम म्हणे, हे गवत काढा, रुई-कातला मासे सोडू, चार पैसे येतील. आणि तळ्यात नवे मासे सोडायचे तर आधी जुने बारीकसारीक मासे मारायचे, त्यासाठी मोहाची पेंड टाकतात. पेंड पडली की तळ्यातला एकेक मासा वर येऊन तडफडतो. झाडाला मात्र काही होत नाही, ते तसंच हिरवंगार. यावरून दोघांत बोलणं बंद होतं. शेवटी ठरलं की वैशाख संपला की सुदामने पेंड टाकायची, तोवर निबारणदाने आपली झाडं दुसऱ्या डबक्यात हलवायची.

सुदामने वाट पाहिली नाही. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी, रविवारीच टाकली. रीत अशी की पेंड टाकायची तर सगळ्या वाटेकऱ्यांना सांगायचं, सगळ्यांनी टोपल्या घेऊन यायचं, वर आलेले मासे वाटून घ्यायचे. सगळ्यांना सांगितलं. निबारणदा बाजारात होता, त्याला कोण सांगणार? आणि संध्याकाळी सांगायचं तर बोलणं बंद! मासे वेचले, भाजले, खाल्ले, तळं रिकामं. हा शेवटच्या गाडीने आला, भाताचे चार घास खाऊन पडला, आणि उजाडायच्या आत उठून लेकीच्या पेटीसाठी ताजी झांझी काढायला तळ्यावर गेला. पाहुणे येणार, पेटी हिरवीगार दिसली पाहिजे. अंधारात पाणी तपकिरी की काळं, काय दिसणार? झांझी काढली, हंडी भरली, पहिली गाडी पकडली.

आम्ही दोघं शियालदाह स्टेशनवरून एकत्रच गेलो. हंडी मांडीवर घेऊन बसला होता, धक्का लागला तर डोळे वटारायचा. "पोर होऊ दे," म्हणाला, "पहिलं स्नान मी घालणार. बीथीला मीच घातलं होतं."

"तिची सासू घालू देईल होय!"

"देईल. आता बदललीय ती. परवा मला चहा विचारला."

घरी गेल्या गेल्या त्याने झांझी सोडली, जुनी पिवळी पानं काढली, हंडी ओतली. बीथी शेजारी खुर्चीवर बसली होती, लाल काठाची साडी, कपाळाला चंदन, पायांना अळता. गोड दिसत होती माझी बाई. निभादेवींनी माझ्याकडे पाहून साडीचा पदर नाकाला लावला. म्हटलं, लावा, मी दोनदा साबण लावून आले आहे, हा वास तुमच्या मनातला आहे. म्हणजे मनात म्हटलं. सणाचा दिवस होता.

बायकांनी तिच्यापुढे ताट मांडलं. भात, तळलेल्या पाच भाज्या, माशाचं डोकं, खीर. शंख वाजला. तिने खिरीचा पहिला घास घेतला आणि कोणाची तरी लहान मुलगी पेटीपाशी ओरडली, "मासे झोपले!"

मी वळून पाहिलं. वर आले होते सगळे, तोंडं उघडी टाकून. काही अजून फडफडत होते. पिल्लं काचेला चिकटली होती. आणि जिथे हवेची नळी बुडबुडे सोडते तिथे पांढरा फेस चढला होता, कोणी साबण कालवल्यासारखा.

बीथी उठली. ताट सरकलं, खीर सांडली. पेटीपर्यंत गेलीच नाही, मधेच थांबली आणि दोन्ही हात पोटावर धरून उभी राहिली. विव्हळायला लागली. "आता हेही जाणार," ती म्हणत होती. "मावशी, आता हेही जाणार."

निभादेवी हळूच म्हणाल्या, "डोहाळजेवणाच्या ताटावर. सगळ्यांदेखत. मी काही बोलले तर वाईट. पण हिच्या हाताला..."

"तिचा हात नाही."

निबारणदा होता. पेटीपाशी उभा, बोटावर फेस घेऊन. त्याने तो हुंगला. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला कळलं होतं.

"तिचा हात नाही, विहीणबाई," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं. "ही मोहाची पेंड. आमच्या तळ्यात टाकलेली होती, मला कळलं नाही, अंधार होता. ते पाणी मी आणलं, मी ओतलं. मासे मी मारले. माझ्या पोरीचा यात काडीचा संबंध नाही. ऐकलंत सगळ्यांनी? मी मारले."

मला वाटलं, वा रे गड्या, सोडवलीस लेकीला.

निभादेवींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "तेच तर, व्याहीबुवा. इतकी वर्षं विचार करत होते, पोरीत हे आलं कुठून. आज कळलं."

त्या बाईच्या जिभेला काय म्हणू मी! मी उठले, दोन-चार शब्द सोडलेही. तन्मय "आई, आई" करत राहिला, पेजच ती. पण निबारणदाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तो बीथीकडे गेला. तिच्या डोक्यावर हात ठेवायला, रडणाऱ्या लेकीच्या डोक्यावर बाप ठेवतो तसा. हात वर गेला, आणि बीथीने डोकं मागे घेतलं.

मुद्दाम नाही. शपथेवर सांगते, मुद्दाम नाही. घाबरलेलं जनावर मागे सरतं तशी सरली. पोटावरचा पदर घट्ट ओढला आणि म्हणाली, "बाबा, नको. आत्ता नको. तुम्ही जा."

तो गेला. रिकामी हंडीसुद्धा घ्यायची विसरला.

शियालदाहला गाडीत बसवला मी त्याला. तिथवर येताना बसमध्ये मी सुदामला शिव्या घातल्या, सुदामच्या बापाला घातल्या, निभादेवींच्या सात पिढ्या काढल्या. हा खिडकीबाहेर बघत. शेवटी म्हणाला, "तगर, सुदामचं काय चुकलं? पेंड त्याने तळ्यात टाकली. पेटीत मी ओतली."

"अरे पण तुला माहीत होतं का?"

"तिच्या आईलाही मीच दवाखान्यात नेलं होतं," तो म्हणाला. "परत आणता आलं नाही."

"गाढवा! ताप होता तिला!"

"ताप होता," तो म्हणाला, जसं काही मी त्याचीच बाजू मांडली.

बाळ झालं. मुलगी, सुखरूप, गुटगुटीत, गावभर ओरडणारी. तन्मयने फोनवर सांगितलं आणि घाईघाईने जोडलं, "बाबा, आई म्हणते थोडे दिवस..." निबारणदा म्हणाला, "हो, हो, बरोबर आहे." त्याने बाजारभर छेन्याचे गोड संदेश वाटले. पक्षीवाल्यांना, कुत्रेवाल्यांना, ज्यांच्याशी कधी बोलला नाही त्यांनाही. पण वाटायचे कसे, तर खोका पुढे धरायचा. "घ्या, तुम्हीच उचला."

मला आधी लक्षात आलं नाही. मग दिसायला लागलं. गिऱ्हाईक झांझी मागायचं, हा पोतं बाजूला करायचा आणि म्हणायचा, "तुमच्या हाताने घ्या, बाबू. हवी तेवढी घ्या." तळ्याचं पाणी देणं सोडलंच. झाडं रुसतात, पानं गाळतात, लोक तक्रारी करतात. "नळाचं शिळं पाणी घाला," एवढंच सांगतो. उष्टावणाला पहिला भाताचा घास आईच्या माहेरच्या माणसाने भरवायचा, पोरीला मामा नाही, म्हणजे आजोबाच. बोलावणं आलं नाही असं मला वाटलं होतं. नंतर कळलं, बीथीने स्वतः फोन केला होता, सासूशी भांडून. यानेच कामाचं निमित्त काढलं. कसलं काम, मेल्या? झांझीला लग्न होतं?

आणि परवाच्या रविवारी ती आली. मीच आधी पाहिली, गर्दीतून वाट काढत येणारी, कडेवर पोरगी. पोरीच्या कपाळावर काजळाची ही मोठी तीट. पोरगी कबुतरं बघून टाळ्या पिटत होती.

"बाबा," बीथी म्हणाली.

तो उठून उभा राहिला. पोरीकडे बघत राहिला, तोंड भरून हसला, डोळे भरले. पण हात मागे.

"धरा ना. तुमची नात."

"हात ओले आहेत गं."

"पुसा मग."

त्याने खांद्यावरचा गमछा ओढून हात पुसले. तळवे पुसले, बोटं पुसली, बोटांच्या मधलं पुसलं. पुसतच राहिला. बीथी पोरीला पुढे धरून उभी. शेजारचा पोपटवालासुद्धा बघायला लागला.

"बाबा, मी तेव्हा घाबरले होते," ती म्हणाली. "माझी चूक झाली. मी तुम्हाला असं..."

"नाही नाही," तो म्हणाला, अगदी समजावणीने, गिऱ्हाइकाला सांगतो तसा. "तू केलंस ते बरोबरच केलंस. आई झालीस ना. असंच जपायचं. मोठी होऊ दे तिला, चांगली मोठी. मग घेईन."

मी ओरडले त्याच्यावर. सगळ्या बाजारासमोर ओरडले, "घे रे! घे तिला, दगडा, घे!"

पोरगीच पुढे झुकली आणि तिने गमछ्याचं टोक मुठीत पकडलं. घट्ट. पोरांची पकड तुम्हाला माहीत आहे. ती सोडवायची तर तिची बोटं उलगडावी लागतात, एकेक करून. निबारणदाने तिच्या मुठीकडे पाहिलं. मग खांदा हळूच वाकवला, गमछा तसाच घसरू दिला, आणि मागे सरकला. पोरगी गमछा ओढत हसत होती.

बीथी रडत गेली, गमछा घेऊनच. तो खाली बसला, पोतं पाण्यात भिजवून पिळलं आणि टोपलीवर पसरलं.